निळ्या ओठांचं पोस्टर

तंजावुरात माणूस गेला की घरचे आधी रडतात, मग भटजींना कळवतात आणि तिसरा फोन मला करायचे. आता तो फोन माझा भाचा घेतो, कारण दुकान त्याच्या हवाली करून मी घरी बसलो आहे. पण तिसरा फोन अजून आमच्याच दुकानात येतो, आणि याचा मला अभिमान आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा धंदा जरा समजावून सांगायला हवा. आमच्याकडे मृत्यूची बातमी भिंतीवर लागते. दाराएवढं पोस्टर. वर ‘कण्णीर अंजलि’, म्हणजे अश्रूंची अंजली. मध्ये गेलेल्याचा फोटो, दोन बाजूंना समया, खाली शोकाकुल मंडळींची नावं, आणि ज्यांचं गावात वजन आहे त्यांचे फोटोसुद्धा. सकाळी कामाला निघालेला माणूस भिंती वाचत जातो, आणि कोण राहिलं, कोण गेलं हे त्याला बसस्टँड येईपर्यंत कळतं. पोस्टर करणं माझं काम. ते पहाटेच्या बसने गावोगाव नेऊन चिकटवणं सेल्वमचं. सेल्वमच्या हातातला खळीचा डबा आणि खांद्यावरची गुंडाळी बघितली की लोक सायकल थांबवून विचारायचे, ‘आज कोण?’

माझ्या भाषेबद्दलही एक शब्द. आम्ही मराठा राजांबरोबर इकडे आलेल्यांपैकी. घरात मराठी बोलतो, ती ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात. देवनागरी अक्षरं मी हिंदीच्या परीक्षा देऊन शिकलो. तेव्हा जिथे शुद्ध वाटेल तिथे श्रेय संपादकांचं आणि जिथे खटकेल तिथे माझं.

या धंद्यात गिऱ्हाईक दुःखात असतं, पण तेवढ्याने त्याची हौस कमी होत नाही. नवऱ्याला टक्कल होतं हे आयुष्यभर सोसलेल्या बायका पोस्टरवर मात्र त्याला केस मागतात. मी शेकडो मृतांच्या डोक्यावर केस लावले आहेत. त्यातल्या काहींना तर लग्नाच्या वेळीही एवढे नव्हते. एक निवृत्त हेडमास्तर स्वतःचंच पोस्टर पसंत करायला यायचे. दर वर्षी दिवाळी झाली की येऊन शोकाकुल मंडळींमधून ज्यांच्याशी बिनसलं असेल त्यांची नावं काढायला लावायचे. मी म्हटलं, ‘सर, असंच चाललं तर शोक करायला कोणी उरणार नाही.’ ते म्हणाले, ‘राव, तुम्ही आहात की.’ सर अजून ठणठणीत आहेत. पोस्टरही तयार आहे.

आमच्या दुकानाचा एकच कायदा होता. घरचं माणूस समोर येऊन उभं राहिल्याशिवाय अंजली छापायची नाही. जिवंत माणसाची अंजली लावली तर तो माणूस स्वतः दुकानात येतो, आणि त्याच्याशी काय बोलावं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. जिजा आणि कुमारच्या वेळी या कायद्याचा कस लागला.

आमच्या मागच्या गल्लीत गणपतराव राहतात. सरकारी कचेरीत कारकून, भिडस्त माणूस. कुमार पाळण्यात असताना त्यांची पहिली बायको गेली. मग ओरत्तनाडुची सरला त्या घरात आली. जिजा तेव्हा पाचेक वर्षांची होती. तमिळमध्ये मावशीही चित्ति आणि सावत्र आईही चित्ति. आमच्या घरांनीही तो शब्द उचललेला आहे, तेव्हा मुलं सरलेला चित्ति म्हणायची. मुलांची आजी, म्हणजे पहिल्या बायकोची आई, जावयाने दुसरं लग्न केलं तेव्हापासून त्या घराची पायरी चढली नव्हती.

एका उन्हाळ्यात त्या घरात दोन मृत्यू झाले. आधी गणपतरावांचे वडील, आणि त्यांचे दिवस होतात न होतात तोच वडिलांची थोरली बहीण. दोघांचंही वय एवढं झालेलं, की यमराज आधीच का आले नाहीत असं कोणी विचारलं असतं तर शोभलं असतं. दोन्ही पोस्टरं मीच केली. आजोबांचा धड फोटो घरात नव्हता. पुतण्याच्या लग्नात निळ्या शामियान्याखाली काढलेला एक मिळाला. त्यात मागचा आचारी निळा, हातातला विडा निळा आणि आजोबांचे ओठही निळे. मी रंग जमेल तेवढा सुधारला आणि सेल्वमच्या हाती दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जिजा आणि कुमार शाळेतून घरी आले नाहीत.

पहिल्या दिवशी गाव खरोखर शोधत होतं. तळी, मोडकी गोदामं, किल्ल्याचा खंदक, सगळं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी शोधून दमले आणि बोलायला बसले. माझ्या दुकानासमोर चहाची टपरी आहे. तिथे जो निकाल लागतो त्यावर अपील नाही. एक म्हणाला, मूत्रपिंडं काढणारी टोळी. दुसरा म्हणाला, राजवाड्याखालच्या धनासाठी बळी. तिसऱ्याने पोरं पळून सिनेमात गेली असतील असं सुचवलं, पण त्यात मजा नसल्यामुळे ते कोणी मनावर घेतलं नाही. मग कोणीतरी बोट उचलून समोरच्या भिंतीकडे दाखवलं. ‘ओठ बघा म्हाताऱ्याचे. निळे. विष.’

झालं. टपरी उठून भिंतीपाशी आली. मी दुकानातून ओरडून सांगितलं, अरे, तो फोटो जुना आहे, शामियाना निळा होता, म्हातारा त्यानंतर कितीतरी वर्षं जगला. लोक समजूतदारपणे मान हलवत म्हणाले, ‘राव शेजारी राहतात, त्यांना असंच बोलावं लागतं.’ संध्याकाळपर्यंत त्या पोस्टरचा फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. सावत्र आईने रसममधून आधी सासऱ्याला विष घातलं, मग आत्तेसासूला, आणि आता मुलांना. कारण काय, तर घर. गणपतरावांचं ते घर माझ्या पाहण्यातलं आहे. पावसाळ्यात त्यात तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात.

गंमत इथवर होती. मग सरलेच्या खिडकीवर दगड आला. पोलिसांनी तिला चौकशीला बोलावलं. ते त्यांचं कामच होतं. पण ती आत गेली की बाहेर मंडळी मोबाईल धरून उभी राहायची. दीर म्हणू लागले, वहिनींना काही दिवस ओरत्तनाडुला पाठवा. आणि गणपतराव घरी जेवेनात. ‘भूक नाही,’ असं तिला सांगायचे आणि बसस्टँडजवळच्या मेसमध्ये जाऊन भात खायचे. मी स्वतः पाहिलं. ती रोज स्वयंपाक करायची आणि रोज ते पातेलं तसंच राहायचं. मुलं सापडली नाहीत तर या बाईला या गावात घर नाही, आणि दुसऱ्या कुठल्या गावात तोंडही नाही, हे मला तेव्हा कळलं. रागाने मला त्या आठवड्यात दोन वेळा टपरीवरचा चहा अर्धा टाकून यावं लागलं. माझ्यासारख्याला ही मोठी शिक्षा आहे.

अशात वॉर्डातले एक तलैवर आले. तलैवर म्हणजे पुढारी. नेसूची वेष्टी लुंगीसारखी, पांढरीशुभ्र, मागे चार माणसं. म्हणाले, ‘राव, मुलांची अंजली तयार ठेवा. माझा फोटो उजवीकडे, डोळे पुसताना.’

‘मुलं गेलेली नाहीत,’ मी म्हटलं.

‘कोण म्हणतंय गेली? नुसती तयार ठेवा. तारखेची जागा मोकळी सोडा. पलीकडच्या पक्षाने दुसऱ्या दुकानात करून घेतली आहे. त्यांची आधी लागली तर माझी काय अब्रू राहील?’

मी नाही म्हटलं. त्यांनी मला माझ्या वयाची आठवण करून दिली, मी त्यांना त्यांच्या मागच्या पोस्टरच्या राहिलेल्या पैशांची आठवण करून दिली, आणि ते गेले. पण त्या दुसऱ्या दुकानाला आमच्यासारखा कायदा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी जिजा आणि कुमारचे समयांमधले फोटो लोकांच्या फोनवर फिरू लागले. तारखेची जागा मोकळी होती, पण ती कोण बघतो? समया दिसल्या की माणूस मेला, एवढं आमचं गाव वाचायला शिकलेलं आहे. गणपतरावांच्या दारापुढे गर्दी जमली. आणि त्या गर्दीतून वाट काढत सरला माझ्या दुकानात आली.

साधी, उंच बाई. डोळे सुजलेले, पण आवाज धड. म्हणाली, ‘अण्णा, हरवल्याचं पोस्टर करून द्या. समया नकोत.’

‘बैस,’ मी म्हटलं. ‘फोटो आणलास?’

शाळेत काढलेला दोघांचा फोटो होता. मी तो कॉम्प्युटरवर मोठा केला. आमच्या कामात फोटो एवढा मोठा करावा लागतो की माणसाची पापणीसुद्धा केरसुणीएवढी दिसते. जिजा हसत होती, समोरचा एक दात नव्हता. कुमारच्या खांद्यावर लाल रिबिनीची जाड वेणी.

‘या वेणीचं काय आहे? मी कधी विचारलंच नाही.’

‘नवसाची आहे,’ ती म्हणाली. ‘त्यांच्या आईच्या माहेरची देवी. तिच्यापुढें मामाच्या मांडीवर बसवून पहिली मोट्टै करायची. तोंवर कात्री लावूं नये.’ मोट्टै म्हणजे गुळगुळीत मुंडण. ‘रोज मीच घालतों वेणी. रडतो तो, केस ओढतांत म्हणून.’

‘पाच वर्षांचा झाला, मग अजून का नाही केली?’

‘यंदा करायची होती. मग मामंजी गेले, आत्या गेल्या. घरांत सुतक पडलं, एक वर्ष मंगल काम नको म्हटलं यांनी. पाट्टीनें दोनदा निरोप धाडला.’ पाट्टी म्हणजे ती आजी. ‘म्हणाली, देवीचे केस ठेवून घेतलांत म्हणून तुमच्या घरांत एकामागें एक मरतांत. आतां पुढें कोण, तें पाहा म्हणाली.’

मी माउस सोडून तिच्याकडे वळलो.

‘पोलिसांना सांगितलंस?’

‘पाट्टीकडे जाऊन आले ते. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, बाई केव्हांच लेकाकडे तिरुप्पूरला गेली. लेकाला फोन केला तर म्हणाला, मज कांहीं माहीत नाहीं.’ तिने डोळे पडद्यावरून काढले नव्हते. मग ती एकदम म्हणाली, ‘अण्णा, काढा ते केस.’

‘कुणाचे?’

‘दोघांचे. एकाची मोट्टै करून दुसऱ्याला तसंच आणत नाहींत त्यांच्यांत.’

माझ्या लक्षात आलं, मुलं आजीनेच नवस फेडायला नेली होती. लागोपाठ दोन अंजल्या लागल्या तेव्हाच गाव म्हणू लागलं होतं, त्या घरात राहील तो मरेल. हेच आजीच्या कानांवर गेलं होतं. गावातल्या इतर लोकांनी ते ऐकून चहा प्यायला. तिने ऐकून नातवंडं उचलली. आणि गावभर आम्ही शोधत होतो वेणीवाला मुलगा आणि दोन शेंड्यांची मुलगी.

आयुष्यभर मेलेल्यांच्या डोक्यांवर केस लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी जिवंत मुलांचे केस काढले. वाटतं तेवढं सोपं नाही. डोक्याचा आकार कोणाला माहीत? सरला सांगत गेली. जिजाच्या मागे जरा उंचवटा आहे, कुमारच्या कानामागे तीळ आहे. रोज तेल लावणाऱ्या हातांना हे ठाऊक असतं. वर मोठ्या अक्षरांत ‘काणविल्लै’, म्हणजे हरवले आहेत. खाली एका बाजूला केसांचे फोटो, दुसऱ्या बाजूला बिनकेसांचे. संपर्कासाठी तिने माझ्या दुकानाचा नंबर घालायला सांगितला. ‘माझा पाहिला तर फाडतील,’ म्हणाली.

इन्स्पेक्टरबाईंना फोन करून मी हे सगळं सांगितलं. त्यांनी आजीच्या गावाकडच्या देवळांत माणसं पाठवतो म्हटलं आणि पाठवलीही. पण सेल्वमची बस आधी सुटली.

सकाळी माझ्या फोनवर सेल्वमचा आवाज. मागे कोंबड्या ओरडत होत्या. ‘राव सर,’ तो म्हणाला, ‘तुमचं एक पोस्टर माझ्याशी बोलतंय.’

ओरत्तनाडुच्या पुढे आडबाजूच्या एका गावात, त्याच देवीच्या देवळाजवळ, तो दुकानाच्या भिंतीला पोस्टर लावत होता. मागे येऊन एक मुलगी उभी राहिली. डोकं गुळगुळीत, त्यावर चंदनाचा लेप, हातात मुरुक्कु, म्हणजे आपली चकली. तिने वरपासून खालपर्यंत सगळं मोठ्याने वाचलं आणि सेल्वमला म्हणाली, ‘माझे कान एवढे मोठे नाहीत.’ सेल्वम म्हणतो, माझ्या हातातली खळ गळून पायावर पडली. गेली इतकी वर्षं तो मेलेल्यांना चिकटवत होता. पोस्टरने तक्रार करायची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी पोलिसांची जीप गल्लीत शिरली. फोनवर ‘मज कांहीं माहीत नाहीं’ म्हणणारा मामा मांडी देऊन केव्हाच तिरुप्पूरला परतला होता. अख्खी टपरी हजर. जिजा उतरली, कुमार उतरला, आणि त्यांच्या मागून पाट्टी. वाळलेली, थरथरणारी म्हातारी. आता काय होणार हे बघायला लोक गच्च्यांवर चढले होते. कुमार धावत जाऊन सरलेच्या निऱ्यांत शिरला. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि मग ती रडली, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मीही रडलो, लपवत नाही.

इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं, या आजींविरुद्ध तक्रार द्यायची का?

सरलेने नाक पुसलं. ‘कसली कंप्लेंट? मुलं आजोळीं गेलीं होतीं,’ म्हणाली. मग म्हातारीकडे वळून, ‘कधीं जेवलांत? आंत या.’

इतक्या वर्षांनी पाट्टी ती पायरी चढली. त्या रात्री गणपतरावही घरीच जेवले. बघ्यांना भांडण मिळालं नाही, म्हणून ते चडफडत गेले. माझ्या मते त्यांनी त्या दोघींना कधीच क्षमा केली नाही.

एवढ्यावर हे संपलं असं वाटलं असेल तर तुम्ही आमच्या गावाला ओळखत नाही. हातच्या कंकणाला आरसा लागत नाही म्हणतात. पण गावाला कंकणच नको असेल तर? दोन दिवसांत नवा शोध लागला. आलेली मुलं खरी नव्हेत. कुठल्यातरी अनाथाश्रमातून दोन आणली, आणि ओळखू येऊ नयेत म्हणून डोकी भादरली. नाहीतर मोट्टै कशाला करतील?

आमच्या धंद्यात लावलेलं पोस्टर कोणी काढत नाही. त्यावर पुढचं चढतं. पण निळ्या ओठांचं आणि हरवल्याचं, दोन्ही पोस्टरं भिंतींवर होती तोवर लोक त्यांच्यासमोर उभं राहून बोलणारच होते. तेव्हा मी बादली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन रविवारी निघालो. सरला म्हणाली, मीही येतों. मुलंही आली. जिजाला टोपी हवी होती. सरलेने ती दिली, पण पहिल्या भिंतीपाशीच घामाने डोकं खाजायला लागलं आणि जिजाने ती बादलीत फेकली.

कीळवासलजवळच्या भिंतीशी आम्ही आजोबांना खरवडत होतो. एक स्कूटरवाला थांबला. पन्नाशीचा, गप्पिष्ट, गावाबाहेरच्या नव्या कॉलनीतला. या घरातल्या कोणाला तो ओळखत नव्हता. भिंतीच्या सावलीत गाडी लावून त्याने आम्हाला तमिळमध्ये पहिल्यापासून सगळी केस समजावून सांगितली. विष, रसम, निळे ओठ, अनाथाश्रम. आमच्यासमोर दोन मोट्टै उभ्या होत्या, पण तो भिंतीकडे बघून बोलत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरलेने मला डोळ्याने गप्प केलं. ती ऐकत राहिली. मध्येच ‘अय्यो’ म्हणाली. मध्येच ‘मग?’ म्हणाली.

कुमारला भूक लागली. सरलेने कट्ट्यावर डबा उघडला. चिंचेचा भात, वर शेंगदाणे आणि तळलेले पापड. मुलांना दिला, मला दिला. मग झाकणात चांगला ढीग काढून स्कूटरवाल्यापुढे धरला. ‘थोडं खा ना, अण्णा. उन्हात एवढं बोललात.’

त्याने ‘कशाला, कशाला’ म्हणत घेतला. पहिला घास खाऊन त्याचे डोळे मिटले. दुसरा खाऊन म्हणाला, असा पुळियोदरै आमच्या घरी जमत नाही, फोडणीत काय घालता? सरलेने सांगितलं, मेथी जरा जास्त. तो खात होता आणि सांगत होता, की अशा बाईच्या हातचं पाणीसुद्धा प्यायला नको, तिला फाशीच पाहिजे.

‘चित्ति,’ जिजा म्हणाली, ‘मला आणखी.’

त्याचं चावणं थांबलं. आधी त्याने जिजाच्या डोक्याकडे बघितलं. मग कुमारच्या. मग अर्ध्या खरवडलेल्या पोस्टरकडे, आणि मग, अगदी हळू, सरलेकडे. घास तोंडात होता. थुंकावा तर समोर बाई उभी, गिळावा तर त्याची स्वतःचीच सगळी केस घशात अडकलेली.

सरलेने जिजाला वाढलं, डाव पुन्हा डब्यात घातला आणि त्याच्या झाकणाकडे बघत विचारलं, ‘तुम्हालाही वाढू का?’

त्याने गिळलं. आणि झाकण पुढे केलं.